गोधडीखालचा पहारेकरी

ऊन होतं, तारा होत्या, भूकही होती. तरी गोगलगाय जेवत नव्हती.

गोगलगाय हे नानांच्या गाडीचं नाव. घर पाठीवर घेऊन फिरते, हळू चालते आणि मागून कुणी कितीही हॉर्न वाजवला तरी मनावर घेत नाही, म्हणून गोगलगाय. आत निजायला दोन बाकं, एक शेगडी, खिडकीशी घडीचं टेबल. टपावर सौर पॅनेलं (उन्हापासून वीज करणाऱ्या काळ्या काचा). आणि पोटात, मागच्या चाकाजवळच्या लोखंडी कप्प्यात, लिथियमची बॅटरी. पॅनेलांनी दिवसा कमवायचं, बॅटरीने साठवायचं आणि रात्री सगळ्यांनी त्यावर निभवायचं, अशी त्या फिरत्या घराची रीत.

ती रीत लडाखच्या पठारावर, एका निनावी तळ्याच्या काठी येऊन मोडली.

वल्लरी सहावीत होती. नाना तिच्या आईचे वडील, पक्ष्यांचे शास्त्रज्ञ. हिवाळ्यात भिगवणच्या पाण्यावर पट्टकादंब (डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले रानहंस) उतरतात आणि उन्हाळा लागला की हिमालय ओलांडून इथे घरटी करायला येतात. "पाहुणे दरवर्षी आपल्याकडे येतात," नाना म्हणाले होते, "आपण कधीतरी त्यांच्या दारी जायला नको का?" आणि सुट्टी लागताच नातीला घेऊन निघाले होते.

पण पाहुण्यांच्या घरीच आक्रीत घडलेलं. डोंगरावरचं बर्फ पूर्वी बेताबेताने वितळायचं. आताशा ते एकदम सुटायचं. तळं फुगलं, काठावरची घरटी बुडाली, येण्याजाण्याचा रस्ताही वाहून गेला. पाणी शिरत असलेल्या एका घरट्यातून नानांनी तीन अंडी उचलली. वनखात्याची परवानगी हाताशी होतीच. अंडी गाडीतल्या इन्क्यूबेटरमध्ये (अंडी उबवणाऱ्या पेटीत) ठेवली. आईच्या पोटाखाली जेवढी ऊब असते तेवढीच, ना तसूभर कमी ना जास्त, पेटीने धरायची. पेटीची राखण वल्लरीकडे.

"जमेल ना गं?" नानांनी विचारलं होतं.

"माझ्यावर सोडा," ती म्हणाली होती. म्हणाली खरी.

आणि त्या अंड्यांची आई? ती कुठे गेलीच नव्हती. बाकीचे हंस पलीकडच्या काठाला निघून गेले. ही एकटी, उरलेल्या बर्फाच्या कडेला, गाडीकडे तोंड करून उभी असायची. ओरडायची नाही, चरायची नाही. नुसती बघायची.

भुतं अंधारात निघतात म्हणे. पण भिगवणची जुनी माणसं सांगत, भर दुपारी बारालाही जपावं. तेव्हा आपली सावली पायाखाली शिरते आणि माणूस एकटा पडतो. पठारावर ते तसंच व्हायचं. वारा पडायचा. झाड नाही, उडतं पाखरू नाही, कुणाची हाळी नाही. दूर तळ्यातलं बर्फ तडकताना कुणीतरी मोठ्या रांजणात कण्हल्यासारखा आवाज यायचा. आणि मग गाडीच्या पोटातून, खालून, कुणीतरी दार वाजवायचं.

टक्.

वल्लरी श्वास धरायची. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा,

टक्.

आणि त्यापाठोपाठ गाडी बोलायची. गोगलगायीला वाचा होती. रस्ता सांगायची, चहाचं पाणी उकळलं म्हणायची. पण बॅटरी तिची स्वतःची नव्हती. नानांनी ती एका मोडीत निघालेल्या बसमधून काढून इथे बसवली होती. त्या बसच्या बॅटरीची भाषा गाडीला जेमतेमच कळायची. जेवढी कळायची तेवढी ती सांगायची, एकसुरात, पापणी न लवणाऱ्या माणसासारखी:

"आत घेता येत नाही."

"कुणाला?" वल्लरीने विचारलं.

"आत घेता येत नाही."

"अगं, पण खाली आहे कोण?"

खालून पुन्हा तेच टक्. वल्लरीने पाय बाकावर उचलून घेतले.

दाराशेजारी बॅटरीच्या निळ्या पट्ट्या दिसत. भरलेली असली की दहा. इथे आल्याच्या दिवशी बॅटरी छान भरली होती. दुसऱ्या दिवशी अर्धीमुर्धी. काल थेंबभरही नाही. दिवसा पेटी पॅनेलांच्या विजेवर परस्पर चालायची, त्यामुळे दिवस निभायचा. रात्र मात्र बॅटरीच्या जिवावर. आता दोनच पट्ट्या उरलेल्या. एका रात्रीला चार तरी लागत. रस्ता दुरुस्त करून मदतीची गाडी पोचणार होती उद्या.

"नाना, गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या पेटीत तर?"

"तासभर पुरतील. रात्रभर कोण बदलणार, आणि शेगडीचा गॅसही संपत आलाय. त्यातून पिल्लं बाहेर पडायच्या बेतात आहेत, बाई. आत्ता ऊब वरखाली झाली तर..." नानांनी हत्यारांची पेटी उघडली. "चल. आधी शोधू. पाटाचं पाणी शेतात पोचलं नाही तर काय करतात?"

"रडतात?"

"रडणारे रडतात. शेतकरी विहिरीपासून चालत निघतो. पाणी कुठवर आलंय ते बघत."

मग दोघं विजेच्या पाटाकडेने चालत निघाली. आधी टपावर. पॅनेलांवर ना धूळ ना बर्फ. काचा ऊन पिऊन तापलेल्या. नानांनी तारांना मीटर लावला. वीज होती, भरपूर. मग फ्यूज (जास्त वीज आली तर स्वतः जळून बाकीच्यांना वाचवणारी बारीक तार). शाबूत. मग सांधे. घट्ट. मग थेट बॅटरीच्या तोंडाशी. तिथेही मीटरचा आकडा ठणठणीत उभा.

"पाणी बांधापर्यंत आलंय," नाना पुटपुटले. "बारं (पाटाचं पाणी शेतात सोडायचं तोंड) मात्र कुणी उघडत नाही."

टक्.

दोघांनी एकदमच कप्प्याकडे पाहिलं.

"नाना, खरं सांगा. कोण आहे आत?"

नाना हसले, पण त्यांनाही त्या शांततेत हसू मोठं वाटलं असावं. त्यांनी आवाज खाली आणला. "पहारेकरी आहे. माणूस नव्हे गं, एवढासा संगणक. बॅटरी व्यवस्थापक म्हणतात त्याला (बॅटरीच्या तब्येतीवर नजर ठेवणारा). बॅटरी जास्त भरली, जास्त तापली, जास्त गारठली की तो दार लावून घेतो. त्या दाराच्या कडीला रिले म्हणतात (विजेने आपोआप उघडणारी आणि मिटणारी कळ). ऊन चढलं, वीज दाराशी आली, की हा कडी काढून डोकावतो, आणि नको म्हणून पुन्हा लावतो. टक्."

"मग गारठली असेल ना!"

"मलाही आधी तेच वाटलं. शून्य अंशाखाली लिथियमची बॅटरी भरायची नसते, हे मला ठाऊक आहे. पण हे बघ." दाराशी सावलीत तापमापक टांगलेला होता. सात अंश. "बाहेरच सात आहेत. आणि आपली बॅटरी तर तुझ्या आईच्या गोधडीत आहे. ती मजेत घोरत असणार."

ते खरं होतं. पहिल्याच संध्याकाळी, हात बधिर करणारी थंडी पडली तेव्हा, वल्लरीने आईने दिलेली गोधडी बॅटरीभोवती चहूबाजूंनी लपेटली होती, अगदी बाळंतिणीच्या खोलीत तान्ह्याला लपेटतात तशी. आणि लपेटताना आईचीच ओवी म्हटली होती:

*निज माझ्या गोधडीत, थंडी राहील गं दूर,*
*टाक्याटाक्यात शिवला तुझ्या आईने गं ऊर.*

तेव्हापासून गोधडी काढलीच नव्हती. प्रेमाने घातलेलं पांघरूण कोण काढतं?

"मग पहारेकरी का अडवतोय?"

"म्हातारा झालाय. माझ्यासारखा. दिवसाढवळ्या चोर दिसतात त्याला." नाना उठले आणि हत्यारांच्या पेटीतून जाड तार घेऊन आले. "त्याला वळसा घालतो. पॅनेलाची तार थेट आत जोडतो. धोका आहे, पण पहारेकरीच बिघडलाय म्हटल्यावर..." त्यांनी आभाळाकडे पाहिलं. ऊन कलायला लागलं होतं. "तू ती गोधडी काढ तेवढी. मी पकड आणतो."

वल्लरी कप्प्यापुढे गुडघ्यांवर बसली. आता ती एकटी, समोर तो काळोखा चौकोन, आणि त्यात आईच्या जुन्या साड्यांची फुलं. तिला वाटलं, गोधडी मंद हलतेय. वारा असेल. पण वारा तर पडलेला.

टक्.

इतक्या जवळून. गोधडीच्या अगदी पलीकडून.

"आत घेता येत नाही," वरून गाडी म्हणाली.

वल्लरीने डोळे मिटले आणि हात गोधडीखाली सारला.

आणि ओरडली.

नाना धावत आले. "चावलं काही? वल्ले! काय झालं?"

"गार," ती म्हणाली. "नाना, आत कुणीतरी गारठून गेलंय. दगडासारखं. बाहेर ऊन आहे आणि गोधडीत... गोधडीत रात्र आहे."

नानांनी हात घातला. मग हत्यारांच्या पेटीतला जास्तीचा तापमापक आणून गोधडीच्या आत सरकवला. पारा उतरत गेला. सात, चार, शून्य. शून्याखाली तीन अंशांवर थांबला.

"असं कसं?" नाना स्वतःशीच म्हणाले. "गोधडी असून?"

वल्लरी हात चोळत होती. तिच्या डोळ्यांपुढे भिगवणच्या जत्रेतला गोळेवाला उभा राहिला. चैत्राचं ऊन, घामाच्या धारा, आणि त्याच्या हातगाडीवर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी. लहानपणी तिने त्याला विचारलं होतं, काका, बर्फाला थंडी वाजते का? तो पोट धरून हसला होता. अगं, गोणपाट काढलं तर दुपारच्या आत माझा धंदा पाणी होईल!

"नाना," ती सावकाश म्हणाली, "गोणपाटात बर्फ गरम होतं का?"

"नाही. टिकतं."

"मग आपण बॅटरी नाही गुंडाळली. आपण रात्र गुंडाळली."

नानांनी हातातली तार खाली ठेवली, अगदी हळू, जणू ती जागी होईल. आणि वाळूतच बसले.

"सांग," ते म्हणाले. "तू सांग, मी ऐकतो."

"गोधडी ऊब देत नाही ना? आपल्या अंगातली ऊब ती धरून ठेवते आणि आपल्याला वाटतं तिनेच दिली. बॅटरीच्या अंगात कुठेय ऊब? पहिल्या दिवशी होती, आपण खालून उबदार गावातून आलो होतो म्हणून. ती गोधडीने राखली. मग रात्रीमागून रात्री थंडी आत झिरपली."

"आणि दिवसा ऊन दाराशी आलं," नाना पुढे म्हणाले, "तेव्हा तीच गोधडी आडवी पडली. बरोबर! उष्णतारोधक (उष्णतेची ये-जा अडवणारी वस्तू) आपलं-परकं बघत नाही. उबेला बाहेर जाऊ देत नाही, तसं उबेला आत येऊही देत नाही. इथली रात्र शून्याच्या फार खाली, दिवस जेमतेम वर. बॅटरी दोन्हींच्या मधे, शून्याखालीच अडकून बसली. मी बाहेरचा तापमापक वाचत बसलो, आणि आतल्याला कुणी विचारलंच नाही." त्यांनी कपाळावर हात मारला. "आणि भ्रमिष्ट कोण म्हणे? पहारेकरी!"

"पण थंडीत ती वीज द्यायची तर देते. घेत का नाही?"

समोरच्या उतारावरून एका चांगपाचा (पठारावरच्या भटक्या मेंढपाळाचा) कळप खाली येत होता. नानांनी तिकडे बोट केलं. "बॅटरीत लिथियमचे आयन असतात (विजेचा भार घेऊन फिरणारे इवलेसे कण). समज, त्या मेंढ्या. त्यांचा वाडा ग्रॅफाइटचा (पेन्सिलीच्या शिशात असतो तो काळा पदार्थ). त्याला पानांसारखे थर असतात. बॅटरी भरते म्हणजे मेंढ्या एकेक करून थराथरात जाऊन बसतात. वापरली की बाहेर पडतात. बाहेर पडणं सोपं. आत शिरून नीट बसणं अवघड, त्यात थंडीने पाय आखडलेले. अशात मागून कुणी काठी हाणली तर?"

"दाराशी चेंगराचेंगरी."

"तशीच. लिथियम आत शिरत नाही, दाराशीच साचतं आणि त्याचा धातू होतो. त्याला सुयांसारखे काटे फुटतात. एखादा काटा बॅटरीतला मधला पडदा फाडून पलीकडे गेला की शॉर्टसर्किट (वीज भलत्याच जवळच्या वाटेने धावणं). मग आग." नानांनी वाळूत पडलेल्या तारेकडे पाहिलं आणि नजर वळवली. "मी मागून काठी हाणायलाच निघालो होतो, वल्ले."

टक्, असं कप्प्यातून वाजलं. या वेळी वल्लरीला भीती वाटली नाही. आत कुणीतरी एकटंच, थंडीत कुडकुडत, सांगून सांगून थकलं होतं आणि तरी दार सोडत नव्हतं.

"आलो हं," ती कप्प्याला म्हणाली.

गोधडी काढून उन्हात पसरली. कप्प्याचं दार सताड उघडलं. उरल्यासुरल्या गॅसवर पाणी तापवलं, उकळू न देता. पिशव्या भरून, फडक्यात गुंडाळून बॅटरीच्या कुशीला लावल्या. "एकदम भाजायचं नाही," नाना बजावत होते. "गारठलेल्या माणसाला शेकतात तसं. हळू." तरी कप्पा सावलीत होता. मग वल्लरीने जेवणाची स्टीलची ताटं आणली आणि वाळूत दगडांना टेकवून उभी केली. ताटातलं ऊन उडी मारून थेट कप्प्यात. पठारावर तीन लहान सूर्य.

आता वाट बघणं. सूर्य कड्याच्या डोक्याशी येऊन टेकत होता. तळं कण्हलं. हंसीण चार पावलं पुढे आली, पुन्हा थांबली. वल्लरी सूर्य सरकेल तशी ताटं सरकवत होती, आणि नाना गुडघ्यांवर बसून पारा वाचत होते, मंत्र म्हटल्यासारखा. "उणे दोन... उणे एक... शून्य. थांब, एवढ्यात नाही. अजून जरा. दोन... चार..."

टक्.

दोघं कान देऊन बसली. आता दुसरी टक् येणार, कडी पुन्हा लागणार. वाराही थांबून ऐकत असावा.

दुसरी टक् आली नाही.

"आत घेत आहे," गोगलगाय म्हणाली. तोच सपाट आवाज. पण वल्लरीला तो आज मऊ वाटला.

निळी तिसरी पट्टी उजळली. बऱ्याच वेळाने चौथी. सूर्य कड्याआड गेला आणि पठारावर सावली धावत आली, तेव्हा पाचवी नुकतीच लुकलुकू लागली होती.

"आता घाल तिला गोधडी," नाना म्हणाले. "उन्हात तापलीय तशीच. आता आत उबेचा ठेवा आहे. उद्या सकाळी ऊन आलं की..."

"की काढायची. माहितीय."

वल्लरीने गोधडी लपेटली. बॅटरी आता कोमट होती, झोपून उठलेल्या माणसासारखी. आईची ओवी तिच्या ओठांवर आली, पण शब्द आपोआपच वेगळे झाले:

*गोधडीला नाही चूल, गोधडीला नाही ऊन,*
*जे ठेवाल तिच्या पोटी, तेच देईल परतून.*

"आईला चालेल?" तिने विचारलं.

"तुझी आई माझीच लेक आहे. आधी भांडेल, मग पाठ करेल."

दोघं गाडीत शिरली. पेटीत मंद दिवा होता. बाहेर थंडी काचांवर नखं ओढत होती. तेवढ्यात,

टक्.

वल्लरीने निळ्या पट्ट्यांकडे पाहिलं. पाचही जागच्या जागी.

टक्. टक्.

हा आवाज खालून नव्हता. तो पेटीतून येत होता.

तिने काचेला नाक लावलं. मधल्या अंड्यावर केसाएवढी रेघ उमटली होती. रेघेच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढं भोक, आणि त्यातून एक ओली चोच आतून बाहेरच्या जगाचं दार ठोठावत होती.

"नाना," ती कुजबुजली, "ह्याला आत नाही घ्यायचं. ह्याला बाहेर यायचंय."

चोचीतून बारीक चिवचिव फुटली. नानांनी खिडकी बोटभर सरकवली. इतके दिवस मुकी असलेली हंसीण संधिप्रकाशात मान उंच करून एकदा ओरडली. अंड्यातून उत्तर गेलं.

"उद्या मदतीची गाडी आली की निघण्याआधी पिल्लांना तिच्याजवळ सोडून येऊ," नाना म्हणाले. "दसऱ्यानंतर एखाद्या सकाळी भिगवणच्या पाण्यावर ती उतरतील बघ. हिमालयावरून."

"तेव्हा थंडी वाजेल त्यांना?"

"पिसं आहेत ना अंगावर."

"पिसं ऊब देत नाहीत, नाना," वल्लरी काचेवरची नजर न काढता म्हणाली. "ऊब त्यांची त्यांनाच न्यावी लागेल. इथून."

आणि तिने आपला गरम तळवा पेटीच्या काचेवर ठेवला.